मेरिट लिस्ट लागायच्या आधी

वैद्यकीय प्रवेशाची पहिली यादी पावसाळ्यात लागते. मी ती बरीचशी दोन वर्षं आधीच वाचलेली असायची. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात, अकरावी सायन्सच्या प्रवेशाच्या खिडकीमागे, माझी सगळी नोकरी गेली. टक्क्यांवरून फारसं कळत नसे, सायन्सला येणाऱ्या सगळ्यांचेच टक्के चांगले. कळायचं ते फॉर्म कसा आलाय त्यावरून. बापाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मार्कशीट, टी.सी., जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या चार-पाच अ‍ॅटेस्टेड झेरॉक्स आणि वरून रबरबँड. असा फॉर्म आला की समजायचं, या घरातलं कुणीतरी या वाटेने आधी जाऊन आलेलं आहे. दुसरा बाप मुखेडहून नाहीतर किनवटहून पहिल्या एस.टी.ने आलेला असायचा. त्याच्या मुलाला कधीकधी पहिल्याहून चार टक्के जास्त असत, आणि खिडकीत वाकून तो विचारायचा, "मॅडम, लेकरू हुशार हाय म्हणतेत मास्तर. सायन्सला टाकावं का आर्टला?"

दोन्ही फॉर्म एकाच गठ्ठ्यात जायचे. बारावीनंतर टी.सी. न्यायला मुलं पुन्हा त्याच खिडकीत यायची. "कुठे लागला रे नंबर?" असं विचारलं की उत्तर बहुधा मला अपेक्षित तेच निघायचं. अपवाद असत, आणि ते लक्षात राहत.

१९८४ साली मी लिपिक म्हणून लागले, २०१८ साली अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. सासर लातूरचं, औसा रोडच्या आतल्या बाजूला. सासऱ्यांनी मागच्या अंगणात पत्र्याच्या खोल्या काढून विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या होत्या आणि सासूबाई मुलांना दोन वेळचे डबे द्यायच्या. त्यामुळे हा धंदा (दुसरा शब्द मला सुचत नाही) मी नांदेडला खिडकीतून पाहिला आणि लातूरला स्वयंपाकघरातून. डॉक्टर कोण होणार हे ठरण्याची वेळ आमच्या भागात आधी-आधी सरकत गेली. ती कशी सरकली, एवढंच मला लिहायचं आहे.

सुरुवात निजामापासून करावी लागते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होतं. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि हैदराबाद म्हणजे १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ. तिथली शिकवण्याची भाषा उर्दू. नुसत्या कला शाखेची नव्हे, वैद्यकाचीही. मराठी घरातल्या मुलाने डॉक्टर व्हायचं तर त्याला लहानपणापासून उर्दूत तयार करावं लागे. म्हणजे निर्णय मुलगा आठ-दहा वर्षांचा असतानाच व्हायचा, आणि तो बहुतेकदा देशमुख-देशपांड्यांच्या, वकिलांच्या, सरकारी नोकरांच्या घरात व्हायचा. माझ्या सासऱ्यांचा शाळेचा दाखला उर्दूत होता. त्यांना सही मोडीत यायची, हिशेब मराठीत आणि अर्ज उर्दूत. त्यांच्या वर्गातले एक-दोघे मनमाड-काचीगुडा मीटरगेजने हैदराबादला शिकायला गेले. बाकीचे शेतात, दुकानात किंवा रझाकारांच्या धामधुमीत इकडेतिकडे झाले.

नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या नांदेड एज्युकेशन सोसायटीचं ते कॉलेज. सुरुवातीची काही वर्षं तेही उस्मानियालाच जोडलेलं होतं. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली आलं, मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ साली आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली. नांदेडला शंकरराव चव्हाणांच्या शारदा भवन संस्थेचं यशवंत महाविद्यालय १९६३चं. ही सनावळी कंटाळवाणी वाटेल, पण तिच्यातली एक गोष्ट बघा: साठ सालापर्यंत सबंध मराठवाड्यात डॉक्टर तयार करणारं ठिकाण एकच होतं.

पीपल्स कॉलेजचं नाव निघालं की नरहर कुरुंदकरांचं निघतंच. आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्समध्ये मराठीचे प्राध्यापक, शेवटी तिथेच प्राचार्य. हा माणूस इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाला होता, हे नांदेडात सगळ्यांना माहीत होतं आणि ते स्वतःही लपवत नसत. आमच्या कार्यालयात एक जुने शिपाई होते. टक्के कमी पडून रडणारं पोर दिसलं की ते त्याला बाकावर बसवून कुरुंदकर सरांची गोष्ट सांगायचे. पोराचा बाप ऐकून घ्यायचा आणि मग मला विचारायचा, "ते खरं हो, पण मॅनेजमेंट कोट्यातून काही होतं का?"

मी नोकरीला लागले तेव्हा वैद्यकीय प्रवेश बारावीच्या मार्कांवर होता. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, या तीन विषयांची बेरीज. सगळे त्याला पीसीबीचे मार्क म्हणत. पण त्याहून मोठी गोष्ट होती विद्यापीठाची हद्द. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात तुम्ही शिकलात, त्याच क्षेत्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात तुम्हाला जागा. आमच्या मुलांच्या वाट्याला औरंगाबाद आणि अंबाजोगाई, आणि मुंबईच्या मुलांच्या वाट्याला मुंबईची जुनी, मोठी, नावाजलेली कॉलेजं. एखाद्या मुलाचे मार्क मुंबईच्या यादीत बसण्यासारखे असले तरी त्याचा तिथे अर्जच चालत नसे. पण उलट बाजूही होती. मुंबई-पुण्याचं मूलही इकडे येऊ शकत नव्हतं, आणि अंबाजोगाईच्या जागा आमच्याच राहायच्या. १९७४ सालचं मराठवाडा विकास आंदोलन ज्यांनी पाहिलं त्यांना ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटे.

१९८६ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निदमर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र सरकार. सरन्यायाधीश भगवतींच्या न्यायालयाने विद्यापीठाच्या हद्दीचा नियम रद्द केला. मात्र विदर्भ-मराठवाड्यासारखे भाग मागे राहिलेले आहेत हे धरून प्रदेशवार काही जागा राखता येतील, त्या सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात, असंही सांगितलं. पुढे महाराष्ट्रात ज्याला सगळे '७०:३०' म्हणू लागले त्याचं मूळ इथे आहे. सत्तर टक्के जागा त्या प्रदेशात बारावी झालेल्यांना, तीस टक्के राज्यभर खुल्या. प्रदेश तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. दोनच वर्षांनी, १९८८ साली, नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, वजिराबादेत, गुरू गोविंदसिंगजी रुग्णालयाच्या आवारात. (आता ते गावाबाहेर विष्णुपुरीला आहे.) त्या वर्षी आमच्या खिडकीवरची रांग रस्त्यापर्यंत गेली. कॉलेज आपल्या गावात आलं म्हणजे जागाही आपल्याला मिळणार, असा लोकांचा सरळ हिशेब.

लातूरला तोवर वेगळंच काही चाललं होतं. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला १९८२ साली. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते जनार्दन वाघमारे. इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्यावर मराठीत लिहिणारे. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू तेच झाले, लातूरचे नगराध्यक्ष झाले, राज्यसभेतही गेले. 'लातूर पॅटर्न'चं जनकत्व लोक त्यांना देतात, आणि तो पुढे कसून राबवणारे प्राचार्य म्हणून अनिरुद्ध जाधवांचं नाव घेतात. शेजारी दयानंद होतंच, दोघांची चुरस.

या पॅटर्नमध्ये जादू काही नव्हती. दहावीचे चांगले मार्क असलेली मुलं निवडून वेगळी तुकडी करायची. अभ्यासक्रम दिवाळीच्या आगेमागे संपवायचा. मग परीक्षा, परीक्षा आणि परीक्षा. बोर्डाच्या पेपरसारखा पेपर, तितकाच वेळ, तशीच बैठक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासलेली उत्तरपत्रिका हातात. कुठे अर्धा मार्क गेला ते सर स्वतः बसून दाखवायचे. रविवार नाही, दिवाळीची सुट्टी जेमतेम. आमच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी मुलं संध्याकाळी डबा घ्यायला आली की सासूबाई विचारायच्या, "आज कशाची परीक्षा?" परीक्षा आहे का, असं विचारायचं कारणच नसायचं.

माझ्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट वेगळीच होती. हे सगळं कॉलेजात, कॉलेजच्या फीमध्ये व्हायचं. निलंग्याचा, देवणीचा, जळकोटचा शेतकरी मुलाची खोली आणि डबा एवढा खर्च कसाबसा पेलू शकत होता. १९८३-८४ पासून राज्यात विनाअनुदानित मेडिकल कॉलेजं निघाली होती आणि देणगीचे आकडे ऐकून आमच्या भागातले लोक कानावर हात ठेवत. त्यांच्यापुढे एकच दार होतं: पीसीबीचे मार्क. त्या दाराची चावी कॉलेजातच बनवून मिळत असेल तर लोक येणारच. ते नांदेड, परभणी, बीडहून आले, नंतर सोलापूर, नगरहूनही. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत शाहूची नावं ओळीने यायला लागली. वर्तमानपत्रात आईबाप पेढा भरवतानाचे फोटो, खाली 'लातूर'.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या खोल्यांतली मुलं बरेच दिवस अंगणात झोपली. त्यांच्यातला औसा तालुक्यातला एक मुलगा गावी गेला तो पंधरवड्याने परत आला, डोकं भादरलेलं. त्याचं घरी काय झालं हे सासूबाईंनी विचारलं नाही, तोही बोलला नाही. मार्चमध्ये परीक्षा होतीच. हा मुलगा पुढे नांदेडच्या मेडिकलला लागला.

आता निर्णयाची वेळ कुठे आली ते पाहा. नियमाप्रमाणे मेडिकलचा प्रवेश बारावीनंतर ठरत होता. प्रत्यक्षात तो दहावीच्या निकालाच्या आठवड्यात ठरू लागला, त्या निवडक तुकडीत जागा मिळाली की नाही यावर. नांदेडच्या खिडकीत मला याचा रोजचा अनुभव यायचा. चांगले मार्क असलेला मुलगा आमच्याकडे फॉर्म भरायचा, पैसे भरायचा आणि आठवड्याने परत यायचा, "मॅडम, लातूरला लागलं, नाव काढायचंय." मुली मात्र कमी परत यायच्या. मुलीला मावशीकडे, काकाकडे नांदेडलाच ठेवायचं, हे घरात आधीच ठरलेलं असे. तिचे मार्क भावापेक्षा जास्त असले तरी लातूरची खोली भावाला. हे बदलायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. मुलींची वसतिगृहं वाढली तेव्हा.

लातूरच्या यशाकडे पुण्या-मुंबईचे लोक संशयाने बघत. घोकंपट्टी म्हणत, त्याहून वाईटही म्हणत. कॉपीचा रोग आमच्या भागात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढलेली माणसं मी पाहिलेली आहेत. लातूर, नांदेड, उस्मानाबाद या तीन जिल्ह्यांसाठी लातूरला बोर्डाचं विभागीय मंडळ झालं तेव्हा आपली मुलं आपल्याच मंडळाच्या यादीत चमकतात, असाही टोमणा येई. पण शाहू-दयानंदच्या त्या तुकडीला कॉपीची गरज काय होती? कॉपी होई ती खेड्यातल्या केंद्रांवर, जिथे शिकवायलाच कुणी नसे. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम निघाली, तिला 'नांदेड पॅटर्न' म्हणू लागले आणि नंतर ती राज्यभर नेली. त्या वर्षी जिल्ह्याचा निकाल दणकन खाली आला. शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या दोन पॅटर्नची नावं एका दमात घेताना मला अजून गंमत वाटते.

१९९९ साली राज्याने सीईटी आणली. बोर्डाच्या मार्कांवर प्रवेश बंद, एका दिवसाच्या परीक्षेवर सुरू. तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, आता लातूर संपलं. लातूर संपलं नाही, कारण लातूरला विषयाच्या आधी परीक्षा शिकवता येत होती. लांबलचक उत्तरांची जागा चार पर्यायांनी घेतली, बाकी सराव तोच. फरक एवढाच पडला की हा सराव आता कॉलेजचे प्राध्यापकच घेऊ शकतात असं राहिलं नाही. खर्डेकर स्टॉप, औसा रोड, उद्योग भवनाच्या मागची गल्ली. पाट्या वाढू लागल्या. नांदेडला श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगर. आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे दोन तरुण सर नोकरी सोडून क्लासमध्ये गेले, आणि वर्षभरात त्यांच्या स्कूटरची कार झाली. पुढे स्पर्धा पोस्टर आणि जाहिरातींवरच थांबली नाही. जून २०१८ मध्ये लातुरात एका क्लासचालकाला गोळ्या घालून मारण्यात आलं, तेव्हा शहर काही दिवस एकमेकांशी हळू आवाजात बोलत होतं.

२०१६च्या उन्हाळ्याइतका गोंधळ मी कधी पाहिला नाही. लातूरला पाणी नव्हतं. टाक्यांभोवती जमावबंदी लागू केली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या खोल्यांत मुलांना आंघोळीला अर्धी बादली. सासूबाई गेल्या होत्या, डबे जाऊबाई करत. ताटं धुवायला पाणी लागतं म्हणून त्यांनी पत्रावळ्या आणल्या. मुलं गावी जाऊ शकत नव्हती, कारण ५ मेला सीईटी होती. आणि २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देशभर, याच वर्षी, पहिला टप्पा १ मेला. पुढे केंद्राने वटहुकूम काढला आणि त्या वर्षापुरते राज्याच्या जागांचे प्रवेश सीईटीवर झाले. पण त्या आठवड्यात राज्य बोर्डाची पुस्तकं घोकलेल्या मुलांनी एनसीईआरटीची पुस्तकं कुठून कशी मिळवली, ते आठवलं की आजही मला त्यांची कमाल वाटते. लातूरच्या एका झेरॉक्सवाल्याने रात्रभर मशीन चालवलं होतं. पाणी नव्हतं, पण टोनर होता.

नीट आली आणि दोन वर्षं पुरेनाशी झाली. सातशे वीस मार्कांची परीक्षा, चुकलेल्या उत्तराला एक मार्क वजा, देशभरची मुलं. अभ्यास आधी सुरू करायला हवा, असं क्लासवाल्यांनी सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. आठवी-नववीच्या मुलांसाठी 'फाउंडेशन' निघालं. नववीची परीक्षा संपली की दहावीचा नव्हे, अकरावीचा अभ्यास. आमच्या खिडकीत नवा प्रश्न आला: "मॅडम, अटेंडन्सचं कसं?" म्हणजे नाव कॉलेजात, शिक्षण क्लासमध्ये. माझ्या शेवटच्या काही वर्षांत सायन्सच्या काही तुकड्या हजेरीपटावर भरलेल्या आणि वर्गात रिकाम्या होत्या. प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक वर्षातून एकदा, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी पुसले जायचे. कॉलेजच्या फीमध्ये चावी बनवून मिळण्याचे दिवस संपले. आणि मुखेडचा तो बाप? त्याचा मुलगा आता 'रिपीटर बॅच'ला जातो. एक वर्ष बारावीचं, मग एक, कधी दोन वर्षं नुसत्या नीटची. दुसऱ्याच्या मुलाने आठवीत जे सुरू केलं ते याचं बारावीनंतर सुरू होतं, आणि त्यासाठी एखादा एकर जातो.

७०:३०चं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. मागासलेल्या प्रदेशाचं संरक्षण म्हणून ती व्यवस्था आली होती. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजं मोजकी. अंबाजोगाई १९७४ची, नांदेड १९८८ची, लातूरचं सरकारी २००२चं. आणि चांगले मार्क घेणारी मुलं, लातूर-नांदेडच्या कृपेने, भरमसाट. सत्तर टक्क्यांच्या कोट्यात आमचीच मुलं आमच्याच मुलांशी भांडू लागली. मराठवाड्याचा कटऑफ उर्वरित महाराष्ट्राच्या वर गेला. ज्या मार्कांवर पुण्याकडच्या मुलाला सरकारी जागा मिळत होती, त्याच मार्कांवर आमचा मुलगा घरी बसत होता. दहा-बारा मार्कांनी जागा हुकलेल्या मुलांचे पालक माझ्यापुढे कागद घेऊन यायचे आणि बारावी बार्शी-सोलापूरकडून करून दिली तर प्रदेश बदलतो का, असं विचारायचे. बदलत होता. विद्यार्थी लातूरच्या क्लासमध्ये, नाव जिल्ह्याच्या हद्दीपलीकडच्या कॉलेजात. १९८६ साली जिला आम्ही ढाल म्हणत होतो ती चौतीस वर्षांत कुंपण झाली होती. सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुखांनी ७०:३० रद्द केल्याचं जाहीर केलं. ते आमदार लातूर शहराचे, म्हणून विदर्भातल्या आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं. इकडे फटाके वाजले. मला विचाराल तर निर्णय बरोबर होता. पण कॉलेजं कमी हा मूळ आजार, आणि त्यावर चौतीस वर्षं टक्केवारीचं औषध चालू होतं, हेही तितकंच खरं.

नणंदेचा मुलगा अमेरिकेत व्हर्जिनियात असतो. त्याच्या मुलीच्या प्रवेशाच्या वेळी फोनवर त्याने सांगितलं की तिकडे सरकारी विद्यापीठातही लवकर अर्ज करण्याची सोय असते. नोव्हेंबरमध्ये अर्ज, नाताळाच्या आसपास निकाल, आणि एका प्रकारात तर 'घेतलंत तर येणारच' असं आधी लिहून द्यायचं. म्हटलं, मग बरंच आहे की, लवकर सुटका. तर म्हणाला, "मामी, तसं नाही. ज्यांना फीची चौकशी करावी लागत नाही आणि ज्यांच्या शाळेत सांगणारं कुणी असतं, तेच लवकर अर्ज करतात." व्हर्जिनिया विद्यापीठाने २००६ साली याच कारणाने ही सोय बंद केली होती, हार्वर्ड आणि प्रिन्स्टननेही त्याच सुमारास. काही वर्षांनी तिघांनीही आपापल्या परीने पुन्हा आणली, कारण चांगली मुलं दुसरी विद्यापीठं आधीच उचलून नेत होती. मला त्याला फार समजावून सांगावं लागलं नाही की हे मला कळतंय. रबरबँड लावलेली पिशवी तिकडेही आहे.

२०२४च्या नीटचा पेपर फुटल्याचं प्रकरण निघालं तेव्हा लातुरात राहणाऱ्या दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला आणि सी.बी.आय.ची माणसं गावात आली. औसा रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांवर तेव्हा दोनच मतं होती. एक, लातूरला मुद्दाम बदनाम करतात. दोन, एवढा पैसा जिथे फिरतो तिथे हे कधीतरी होणारच होतं. मी दुसऱ्या मताची. पण आमच्या खोलीत त्या वर्षी राहणारी हदगावची मुलगी, दोन वर्षं पहाटे साडेचारला उठणारी, निकाल लागल्यावर ज्या नजरेने लोक तिच्याकडे बघत होते ते पाहून मला बोलणाऱ्यांचा राग आला.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात एकाच पोर्टलवरून होतो. आमच्या खिडकीला काम राहिलं नाही. माझ्या जागी आलेल्या बाईंनी सांगितलं की पहिल्याच दिवशी वेबसाइट बंद पडली, आणि मुखेड-किनवटचे लोक तरीही पहिल्या एस.टी.ने आले, कारण मोबाइलवर ओटीपी आला तर पुढे काय करायचं ते विचारायचं होतं. फॉर्ममध्ये दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. लोक दहाच्या दहा भरतात. पण क्लासची फी त्याआधीच भरलेली असते, डिसेंबर-जानेवारीत, सवलत असते तेव्हा. आणि कॉलेज मग क्लासपासून चालत जाता येईल असं निवडायचं.

खोल्यांचंही तसंच झालंय. पूर्वी जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की माणसं खोली विचारायला येत. आता जाऊबाईंकडे फेब्रुवारीतच फोन सुरू होतात, मुलाची परीक्षा व्हायच्या आत. परवा उदगीरहून एक जण आला होता, मुलगा सातवीत. पुढच्या वर्षी फाउंडेशनला टाकायचं म्हणाला, सोबत आजी राहील, स्वयंपाक तीच करेल, तेव्हा गॅसची जोडणी आहे का. जाऊबाईंनी खोली दाखवली. तो खिडक्या-दारं बघत होता तोवर मी मुलाला विचारलं, तुला काय व्हायचंय. त्याने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "त्याचं काय ओ मॅडम, डॉक्टर." आणि डिपॉझिट किती ते विचारलं.